इनास अंकलच्या डिकीतलं भूत

इनास अंकल माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. नावं तर त्यांच्या डोक्यात राहतच नाहीत. हाडं राहतात.

आम्ही अल वक्राच्या या कंपाउंडमध्ये नुकते राहायला आलो होतो. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, मी दूध घ्यायला गेले होते. फ्रिजपाशी एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे होते आणि माझ्याकडे टक लावून बघत होते. मी ओढणी सारखी केली, पाठ वळवली, तरी त्यांचं बघणं थांबेना. शेवटी जवळ आले आणि चक्क मराठीत म्हणाले, "तुम्ही डावं मनगट ना?"

मी गारच पडले. दोन-तीन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरून माझं डावं मनगट मोडलं होतं, हे खरं होतं. एक्स-रे काढणाऱ्याच्या तोंडावर मास्क होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी, त्यामुळे मी त्यांना ओळखणं शक्यच नव्हतं. त्यांनी मात्र, मी दुधाचा कॅन ज्या बेताने उचलला, त्यावरून मला ओळखलं होतं. मग दुकानातच त्यांनी मला मनगट गोल फिरवायला लावलं. गल्ल्यावरचा मल्याळी दुकानदार बघतोय, मागे गिऱ्हाईक खोळंबलंय, आणि मी आपली मनगट फिरवतेय. "छान जुळलंय," ते म्हणाले. ते हाड जणू त्यांनीच घडवून दिलं होतं.

हे इनास अंकल मूळचे वसईचे. दोह्यातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे आणि एमआरआय काढणं हे त्यांचं काम. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी आखातातच काढली. बायको वसईला शाळेत शिकवायची, आता रिटायर झाली, मुलगा परदेशात. इथे कंपाउंडच्या टोकाच्या व्हिलामागे एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात ते एकटे राहतात. अंगावर मांस असं नाहीच. धंद्याला शोभेल असा बांधा आहे म्हणा ना.

माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, ते पहिल्यापासून 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात, कारण तो त्यांच्याकडे खांदा घेऊन गेला होता. एकदा मी कचरा टाकायला चालले होते तर ते फोनवर बायकोला सांगत होते की काळजी करू नकोस, एअरपोर्टला मला फ्रोझन शोल्डर सोडणार आहेत. पलीकडून वहिनींनी काय विचारलं देव जाणे, पण हे म्हणाले, "अगं, चांगले आहेत, त्यांची बायको डावं मनगट."

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे 'श्वास घ्या, रोखा, सोडा'. छातीचा एक्स-रे काढताना म्हणायचं हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलंय की ते कुठेही निघतं. पोहण्याच्या तलावाच्या वेळांवरून एकदा कंपाउंडची मीटिंग पेटली होती. इजिप्तचा एक इंजिनियर टेबलावर हात आपटत होता, समोरून दोन बायका एकदम बोलत होत्या. इनास अंकल उठले आणि हॉस्पिटलातल्या आवाजात आधी इंग्रजीत आणि मग त्या इंजिनियरसाठी अरबीत म्हणाले, "टेक अ ब्रेथ. होल्ड. खुद नफस." त्या खोलीतल्या बहुतेकांनी कधी ना कधी त्यांच्या मशीनपुढे छाती लावलेली होती. सगळ्यांनी श्वास घेतला आणि रोखला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तेवढ्यात अंकलचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. सोडा म्हणायचं राहूनच गेलं.

अशा माणसाचं आणि हॅलोवीनचं जमणं कठीणच होतं.

आमच्या कंपाउंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी मुलांसाठी गाड्यांचं हॅलोवीन असतं. मधल्या रस्त्यावर गाड्या पाठमोऱ्या ओळीत लावायच्या, डिक्या उघडायच्या आणि प्रत्येकाने आपली डिकी सजवायची. कुणी कोळ्याचं जाळं करतं, कुणी कवट्या लावतं, कुणी चेटकीण बसवतं. मुलं पिशव्या घेऊन एका डिकीपासून दुसऱ्या डिकीपर्यंत चॉकलेटं गोळा करत जातात. सगळं भिंतीच्या आत. बाहेरच्या रस्त्यावरून साधा भोपळाही दिसता कामा नये, अशी मॅनेजमेंटची अट असते. हे सगळं चालवते ग्रेस. ती फिलिपिनो आहे, बँकेत काम करते आणि कंपाउंडलाही बँकेसारखंच शिस्तीत ठेवते.

अंकलना हा प्रकार पसंत नव्हता. ते मला म्हणायचे, "ताई, आमच्याकडे या दिवसांत मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. त्यांना दोरीवर वाळत घालत नाहीत." त्या संध्याकाळी ते दार लावून बसायचे. पण मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी ग्रेसने तिच्या डिकीत प्लास्टिकचा एक पूर्ण सांगाडा टांगला आणि तो अंकलच्या नजरेला पडला. झालं. त्यांच्या जिवाला चैन पडेना. येता-जाता ते त्या गाडीपाशी थांबायचे, मोजायचे, मान हलवायचे. बरगड्या कमी होत्या. उजवा पाय डाव्या बाजूला होता. गुडघ्याची वाटी तर नव्हतीच. शेवटी ग्रेस डिकी उघडी ठेवून घरात गेली तेव्हा त्यांनी पकड आणि तार आणून त्याचे पाय काढून बरोबर बाजूंना बसवले, आणि पुठ्ठ्याच्या बरगड्या कापून जिथल्या तिथे लावल्या. ग्रेस चिडली. विचारल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या भुताला हात लावू नये, असं तिने त्यांना इंग्रजीत ऐकवलं. त्यावर अंकल शांतपणे म्हणाले की असे पाय असलेला माणूस जिवंत असता तरी चालू शकला नसता, मेल्यावर लोकांना भिववायला कुठून येणार.

तर हे असे अंकल. आता आमच्या मिहिकाबद्दल सांगायला हवं.

मिहिका तेव्हा दुसरीत होती. इथल्या इंग्रजी शाळेत जाते, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. त्या उन्हाळ्यात ती घसरगुंडीवरून पाठीवर पडली. तेव्हा काही वाटलं नाही, पण नंतर पाठ दुखायला लागली आणि ती डावा पाय किंचित ओढत चालायला लागली. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, मणक्याचा एमआरआय करू या. मी रात्रभर जागी होते, पण मिहिकाला काहीच वाटत नव्हतं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की फोटो काढायचाय. ती केसांना नवी क्लिप लावून निघाली.

मशीनपाशी इनास अंकलच होते. मला जरा धीर आला, घरचं माणूस म्हणून. त्यांनी क्लिप काढून ठेवली, तिला झोपवलं, कानांवर हेडफोन लावले आणि बटण दाबलं. ती फळी तिला घेऊन त्या गोल भोकात सरकायला लागली. डोकं आत गेलं मात्र, पोरगी जी किंचाळली ती अख्ख्या मजल्याने ऐकली असेल. अंकलनी फळी लगेच बाहेर घेतली. समजावलं, पुन्हा प्रयत्न केला. तिने लाथ झाडली ती नेमकी त्यांच्या हनुवटीला बसली. मग मी रडायला लागले, प्रशांत माझ्यावर चिडला, आणि सगळं तिथेच संपलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता भूल देऊनच करावं लागेल, थोड्या दिवसांनी तारीख मिळेल. एवढ्याशा पोरीला भूल मला नको होती. अजून एकदा तसंच करून बघता येणार नाही का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघता येईल, पण ती आत पडून राहणार असेल तरच.

ती आत पडून राहणार नव्हती. ती आता बाथरूमचं दारही लावू देत नव्हती. आणि इनास अंकल दिसले की तिची पाचावर धारण बसायची. "द ट्यूब अंकल इज कमिंग," म्हणत ती माझ्या मागे लपायची. ते समोरून आले तर आम्ही रस्ता ओलांडून पलीकडून जायचो. मला इतकं कानकोंडं व्हायचं. एकदा त्यांना गाठून मी माफी मागितली. त्यांनी हनुवटी चोळली आणि म्हणाले की ते हाड मजबूत असतं, त्याची काळजी नको. मग त्यांनी विचारलं, "ताई, ती अंधाराला घाबरते, आवाजाला की कोंडल्याला?"

मी विचार केला. म्हटलं, कोंडल्याला असावं. बाहेर कसं पडायचं ते कळत नाही म्हणून घाबरते. त्यांनी मान हलवली आणि गेले.

दोनच दिवसांनी ते आमच्या दारात. प्रशांत एसीच्या कामात आहे, म्हणजे मोठमोठ्या इमारतींना गार हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बसवणं हे त्याचं काम. अंकलना त्याच्याकडून गोल डक्टचा एक तुकडा हवा होता. कशाला? तर हॅलोवीनला गाडी सजवायचीय. प्रशांतने चहा बाजूला ठेवून माप विचारलं. त्यांनी व्यासाचं माप सांगितलं, लांबीचं सांगितलं. प्रशांतने साईटवर पडलेला थोडा लहान डक्ट चालेल का विचारलं, तर चालणार नाही म्हणाले. मोठा आणू का, तर तोही नको. प्रशांत वैतागून म्हणाला, "अंकल, भुताला माप कसलं?" अंकल म्हणाले, "भुताला नाही, मुलांना लागतं."

पुढचे काही दिवस कंपाउंडला दुसरा विषय नव्हता. अंकलची गाडी म्हणजे जुनं पांढरं सात सीटचं धूड. त्यांनी तिच्या मागच्या सगळ्या सीट काढल्या आणि त्या आपल्या खोलीत नेऊन ठेवल्या. बायकोला व्हिडिओ कॉलवर खोलीत गाडीच्या सीट दिसल्या तेव्हा नवऱ्याने काहीतरी धंदा सुरू केलाय असं तिला वाटलं. डक्टच्या कडांना त्यांनी फोमच्या नळ्या चिकटवल्या, आतून पांढरा रंग दिला आणि तो गाडीत आडवा बसवला. माझ्याकडे जुन्या पांढऱ्या चादरी मागितल्या. मी विचारलं, भूत किती मोठं करायचंय? म्हणाले, गाडीएवढं, पण पोटाने. मग मी आणि शिवणयंत्र त्यांच्या ताब्यात गेलो. चादरींचं ढेरपोटं भूत शिवलं, त्याचं तोंड बरोबर डिकीच्या जागी. वर दात. दात मात्र अंकलनी स्वतः कापले, सुळे आणि दाढा ओळखू येतील असे.

त्याखेरीज एक लांब फळी होती, खाली चाकं लावलेली. तिच्यावर घालायला त्यांनी माझ्याकडून पातळ गादी शिवून घेतली आणि ती दोनदा उसवायला लावली, मऊ फार झाली म्हणून. मी म्हटलं, मुलांना मऊ आवडेल की. ते म्हणाले, "मऊ असली की मूल लोळतं." भुताच्या डिकीत लोळायला काय हरकत आहे ते मला कळेना. पण त्यांच्याशी वाद घालायला गेलं की ते श्वास घ्यायला लावतात, म्हणून मी उसवायला बसले.

ग्रेस रोज येऊन संशयाने बघून जायची. भुताची थीम काय, असं तिने फॉर्मात भरायला सांगितलं. अंकलनी लिहिलं: पचन.

हॅलोवीनच्या संध्याकाळी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली आणि गाड्यांचे दिवे लागले. हवेत अजून दमटपणा होता, चेटकिणींचे रंग गालांवरून ओघळत होते. ग्रेसची डिकी नेहमीसारखी झोकात होती. तिच्या सांगाड्याला यंदा बरगड्या पूर्ण होत्या. आणि ओळीच्या शेवटी अंकलची गाडी. इंजिन चालू, आत एसी गार, पांढरं प्रचंड पोट फुगलेलं, आणि उघड्या तोंडातून आवाज येत होता: ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग थांबून टॅक टॅक टॅक टॅक. गाडीशेजारी अंकल चर्चला जायच्या सुटात, टाय लावून उभे होते.

नियम त्यांनी एकदाच सांगितला. हे भूत जेवून झोपलंय. फळीवर आडवं पडायचं, मी तुम्हाला त्याच्या पोटात ढकलणार. आवाज येईल, ते पचन आहे. आवाज संपेपर्यंत हललात तर भूत जागं होणार आणि तुम्ही नापास. नाही हललात तर चॉकलेट. हातात रबराचा फुगा देईन. तो दाबला की भूत ढेकर देईल आणि मी तुम्हाला लगेच बाहेर ओढीन.

पहिला गेला तो एक लेबनीज मुलगा. पोटात जाताच खिदळायला लागला. अंकलनी त्याला बाहेर काढून गंभीरपणे सांगितलं की तू पचलास, लाईनीत मागे जा. तो खरोखर मागे जाऊन उभा राहिला. बाकीच्या डिक्यांत हात पुढे केला की चॉकलेट मिळत होतं, त्यामुळे तिथली गर्दी पटकन ओसरली. नापास होता येईल अशी डिकी एकच होती. थोड्या वेळात सगळ्या कंपाउंडची मुलं तिच्यापुढे उभी होती, आणि जी पास झाली तीसुद्धा पुन्हा मागे जाऊन उभी राहत होती. नाक खाजत असताना ते न खाजवता कसं राहायचं यावर लाईनीत चर्चा चालली होती.

मिहिका माझा कुर्ता धरून लांब उभी होती. तो गोल बोगदा बघितला तेव्हाच तिने परत जाऊ म्हणून माझा हात ओढला होता. पण तिच्या मैत्रिणी तिथे होत्या, त्यामुळे जावंसंही वाटत नव्हतं. अंकलनी तिला एकदाही हाक मारली नाही. तिच्याकडे साधं बघितलंसुद्धा नाही. मला जरा रागच आला. लाथ मारली म्हणून एवढं मनात ठेवायचं का लहान मुलीचं, असं वाटलं.

मग मुलांनी अंकलनाच आत घालायचं ठरवलं. त्यांनी कोट काढून ग्रेसच्या हातात दिला, टाय खांद्यावर टाकली आणि फळीवर आडवे झाले. मुलांनी ढकललं. गुडघ्यापासून खालचे पाय, पॉलिश केलेल्या बुटांसकट, भुताच्या तोंडातून बाहेर. ठक ठक सुरू झालं. आणि तो उजवा बूट हळूच हलला. मुलं ओरडली. मग डावा हलला. मग दोन्ही बूट घाबरल्यासारखे थडथडले आणि भुताने मोठी ढेकर दिली. मुलांनी त्यांना बाहेर ओढलं आणि सगळे मिळून म्हणाले की तुम्ही नापास.

माझ्या मागून हसण्याचा आवाज आला. मिहिका म्हणाली, "ही मूव्ह्ड सो मच." आणि कुर्ता सोडून ती पुढे गेली.

अंकल फळीवरून उठले. तिच्याशी बोलायला ते खाली बसले नाहीत, गोड बोलले नाहीत. इतर मुलांच्या हातात देत होते तसाच तिच्या हातात फुगा दिला आणि म्हणाले, "बाय, दाबून बघ आधी." तिने उभ्याउभ्याच दाबला. ढेकर आली. मग ती फळीवर पडली. डोकं आत गेलं आणि तिने फुगा दाबला. त्याच क्षणी ती बाहेर होती. अंकलनी विचारलं नाही की काय झालं. ती पुन्हा पडली, पुन्हा दाबला, पुन्हा बाहेर. असं किती वेळा झालं मी सांगू शकत नाही. लाईनीतली मुलं कुरकुरायला लागली तर अंकलनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. प्रत्येक वेळी ती थोडी जास्त आत जात होती. आणि मग एकदा फुगा दाबलाच नाही. ठक ठक झालं, घर्रर्र झालं, टॅक टॅक झालं, आणि ते पांढरं पोट तसंच गप्प राहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा आवाज मी हॉस्पिटलात आमच्या नंबराची वाट बघताना ऐकला होता. तो बोगदा, तो व्यास, ती कडक गादी. मी प्रशांतकडे बघितलं. तो डक्टकडेच बघत होता.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांना सांगून पुन्हा साधाच प्रयत्न करायला गेलो. त्या दिवशी मशीनवर केरळची शायनी नावाची मुलगी होती. अंकलनी ड्युटी बदलून घेतली होती. मी समोर असलो तर तिला मागची आठवण येईल, असं ते शायनीला म्हणाले होते. शायनीने मिहिकाच्या हातात रबराचा बल्ब दिला. मशीनलाही असा बल्ब असतो हे मला ठाऊकच नव्हतं; पहिल्या वेळी तो तिच्या हातात होता की नाही, तेही आठवेना. मिहिकाने तो आधी दाबून बघितला. बाहेरच्या खोलीत घंटी वाजली आणि शायनी धावत आत आली. मिहिकाने मान हलवली आणि आडवी झाली. ठक ठक सुरू झालं. मी बाजूला खुर्चीवर बसले होते. तिच्या पायाचा अंगठासुद्धा हलला नाही.

मणक्याला काही झालेलं नव्हतं. आतला स्नायू दुखावला होता, व्यायामाने बरा होणार होता, आणि झालाही.

शुक्रवारी मी शेंगापोळ्यांचा डबा घेऊन अंकलकडे गेले. ते गाडीपाशी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते, भूत उतरवायला म्हणून. आणि त्यांच्यासमोर चार-पाच पोरं लाईन लावून उभी.

"ताई, यांना सांगा ना," ते म्हणाले, "हॅलोवीन संपलं."

मी सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं आणि तशीच उभी राहिली. अंकलनी थोडा वेळ वाट बघितली, मग स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि स्पीकर लावला.

आम्ही फुटपाथच्या कडेला बसलो. मी आभार मानायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं आणि मिहिका पाय सरळ टाकते का ते विचारलं. टाकते म्हटलं. मग त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरून मुलांकडे बघत राहिले.

"माझ्या दारात मूल येतं ते रडतच येतं," ते म्हणाले. "त्याची काय चूक. हात मोडलेला असतो, नाहीतर पोट दुखत असतं, आणि समोर मी. इतकी वर्षं झाली, सवय झाली. घरी तरी काय वेगळं होतं? आमचा ग्लेन लहान होता तेव्हा मी वर्षातून एकदा सुट्टीवर जायचो. मला दारात बघितलं की आईच्या मागे लपायचा आणि रडायचा. मी आपला लांब बसून राहायचो. हळूहळू यायचा जवळ. मांडीवर बसायला लागला की माझी बॅग भरायची वेळ झालेली असायची. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून."

आता कुठे असतो, मी विचारलं.

"कॅनडात. चांगला आहे. रविवारी फोन करतो." त्यांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "आता नाही रडत."

भुताने ढेकर दिली. अंकल उठले आणि धावत जाऊन त्यांनी फळी बाहेर ओढली.

नंतरच्या रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी मी मिहिकाला शाळेच्या बसपर्यंत सोडून परत येत होते. अंकल हातात जेवणाचा डबा आणि डोक्यावर छत्री धरून गेटकडे चालले होते. मेट्रो स्टेशनला जाणारी बस गेटबाहेरून सुटते. मी विचारलं, गाडी बिघडली का? नाही म्हणाले. मागे भूत बसवलेलं असताना रस्त्यावर नेली तर पोलीस धरतील, म्हणून काही दिवस मेट्रोने जाणार. मग भूत काढून का टाकत नाही, असं मी विचारायच्या आतच त्यांनी खिशातून गाडीची चावी काढून माझ्यापुढे धरली. मुलं दुपारी शाळेतून येतात आणि अंकल संध्याकाळशिवाय घरी येत नाहीत.

"एसी लावल्याशिवाय कुणाला आत घालू नका," ते म्हणाले. "जवळच उभ्या राहा. आणि फुगा दाबला की लगेच बाहेर काढा, का म्हणून विचारू नका."

मी चावी घेतली. बस आली, ते चढले आणि मागच्या खिडकीपाशी जाऊन बसले. बस वळेपर्यंत ते मान मागे करून बघत होते. माझ्याकडे नव्हे, भिंतीपलीकडच्या पार्किंगमधल्या त्या पांढऱ्या पोटाच्या दिशेने.